चार मीटरची पांढरी रेघ

कोलंबियाच्या सबंध बोयाका प्रांतात सरळ रेघ ओढावी तर या एव्हेलिओनं! हे मी म्हणत नाही, माझ्या दुकानाच्या पाटीवर लिहिलंय. पाटी मीच रंगवली, हा भाग वेगळा. गेली चौदा वर्षं मी तुबासा गावात पाट्या, फ्लेक्स, लग्नपत्रिका आणि बटाट्याच्या पोत्यांवरचे शिक्के करतो, आणि आजवर माझ्या रेघेबद्दल तक्रार घेऊन कोणी आलेलं नाही. स्पेलिंगबद्दल आले असतील. रेघेबद्दल नाही!

म्हणून फादर आब्दोन दुकानात शिरले आणि "एव्हेलिओ, एक नकाशा काढून देशील का?" म्हणाले, तेव्हा मी हातातला, चीजचा तुकडा बुडवलेल्या गरम चॉकलेटचा कप खालीसुद्धा ठेवला नाही.

"फादर, या कपातलं चीज विरघळायच्या आत होईल!"

नकाशा दोन गावांचा. आमचं तुबासा आणि शेजारचं गाचेरा. या दोन गावांत फादर एकच, आणि मारियामातेची मूर्तीही एकच. सहा महिने ती आमच्या चर्चमध्ये, सहा महिने त्यांच्या. फेब्रुवारीत आणि ऑगस्टात दुसऱ्या रविवारी हद्दीवर तिची देवाणघेवाण होते. रीत अशी, की आमचे भोई हद्दीपर्यंत जाणार आणि थांबणार, त्यांचे भोई पलीकडून हात लांबवणार. एकाचं पाऊल दुसऱ्याच्या हद्दीत पडता कामा नये! हा नियम कोणी केला ते कोणालाच ठाऊक नाही, त्यामुळे तो मोडायची परवानगी कोणाकडे मागायची तेही ठाऊक नाही. हद्दीचा दगड रस्ता डांबरी झाला तेव्हाच बुलडोझरनं नेला. तेव्हापासून हद्द अंदाजानं चालली होती. फेब्रुवारीत आमच्या एका भोयाचा बूट दोन बोटं पुढे गेला असं ते म्हणाले, तीन बोटं मागेच होता असं आम्ही म्हणालो, मग काही टोप्या उडाल्या, आणि मारियामाता होती तशी आमच्याकडे परत आली.

आता यात माझं काय गेलं? माझं लग्न गेलं!

माझी नुबिया गाचेराची. तिच्या आई एतेल्विनाबाई. चाळीस वर्षं दोन्ही गावांच्या पोरांना भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या. आजही रस्त्यात त्या दिसल्या की आमचे महापौर खिशातून हात बाहेर काढतात. एतेल्विनाबाईंचा नवस असा, की नुबियाचं लग्न लागेल ते मारियामातेच्या समोर. आणि वर त्यांचा हट्ट असा, की माता गाचेरात आल्यावरच. तुबासात जाऊन मुलगी देणार नाही! फेब्रुवारीत माता गेली नाही, लग्न लांबलं. आता ऑगस्टचा मुहूर्त धरला होता. सकाळी माता जाणार, दुपारी बारा वाजता आम्ही उभे राहणार.

नुबियानं मला स्पष्टच सांगितलं होतं, "एव्हेलिओ, लग्नाचा झगा मी एकदा उसवून सैल करून घेतला. दुसऱ्यांदा घेणार नाही. या खेपेला झालं नाही तर मी बोगोताला बहिणीकडे कामाला निघाले. मग तू आणि तुझी रेघ बसा संसार करत!"

ती बोलते तसं करते. म्हणून मी त्या नकाशाला जीव लावला.

फादरची युक्ती चांगली होती. सरकारी मोजणीवरून चार मीटर रुंद फ्लेक्स करायचा, तुबासा हिरवं, गाचेरा पिवळं, आणि तो हद्दीवरच्या कुस्तोदिओकाकांच्या भिंतीवर टांगायचा. 'नकाशा दाखवील तीच हद्द' अशी दोन्ही महापौरांची सही फादरनी आधीच घेऊन ठेवली होती.

या कुस्तोदिओकाकांचं तेहोचं अंगण आहे. तेहो म्हणजे लोखंडी चकती लांबून चिखलात फेकायची, चिखलातल्या बंदुकीच्या दारूच्या पुडीवर बसली की धडाम! काकांचं अंगण बरोब्बर हद्दीवर. फेकणारा तुबासात उभा, धडाम गाचेरात. त्यामुळे आवाजाची तक्रार नेमकी कुठल्या कचेरीत करायची हा प्रश्न तीस वर्षं सुटलेला नाही.

तर मी कॉम्प्युटरवर एक हिरवा आकार काढला, त्याला कडेला कड लावून पिवळा आकार काढला. अगदी तीच कड, केसाचा फरक नाही. फाइल केली आणि 'दोन गावं, एक माता' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, 'काही सूचना असल्यास कळवाव्यात.'

माणसानं आयुष्यात ही ओळ लिहू नये.

तिसऱ्या मिनिटाला एतेल्विनाबाईंचा फोन. "एव्हेलिओ, दोन गावांच्या मधे ही पांढरी रेघ कसली?"

मी स्क्रीनला नाक लावलं. होती खरी! हिरव्या-पिवळ्याच्या मधे कोळ्याच्या धाग्याएवढी पांढुरकी रेघ. आता ही काय भानगड असते ते आमच्या धंद्यातल्या माणसाला माहीत असतं. आकार पडद्यावर रंगवताना कॉम्प्युटर त्याची कड जरा मऊ करतो. हिरवा म्हणतो अर्धा ठिपका तुझा, पिवळा म्हणतो छे छे, तुझाच. शेवटचा बटाटा 'तुम्ही घ्या, तुम्ही घ्या' करता करता ताटातच राहावा तसा तो ठिपका राहतो, आणि खालचा पांढरा कागद डोकावतो.

"बाई, ती रेघ नाहीच," मी म्हणालो. "ती नुसती दिसते!"

"मग मला काय असलेलं दिसत नाही आणि नसलेलं दिसतं? चष्मा परवाच बदललाय मी!"

"तसं नव्हे. छापल्यावर ती येणार नाही. आणि आलीच तर एक मिलिमीटरची सुद्धा नसेल!"

पलीकडे पेन्सिल चालल्याचा आवाज. "चार मीटरच्या फ्लेक्सवर सोळा किलोमीटर. म्हणजे एक मिलिमीटरला चार मीटर. एव्हेलिओ, तू दोन गावांच्या मधे चार मीटर रुंद जमीन सोडली आहेस! ती कोणाची?"

अर्ध्या तासात सगळा ग्रुप पेटला. जो तो फोनवर फूटपट्टी ठेवून मोजायला लागला. नकाशा मोठा केला की गावं मोठी व्हायची, पण रेघ तेवढीच राहायची, म्हणजे हिशोबानं ती जमीन कमी व्हायची. झालं! "झूम केलं की पट्टी आकसते, कोण खातंय ती?" असा एकानं सवाल टाकला आणि त्याच्याखाली बेचाळीस रागावलेले चेहरे आले. फक्त कुस्तोदिओकाका खूष होते. त्यांचा फोन जुना, पडदा आगपेटीएवढा.

"माझ्याकडे वीस मीटर भरते!" त्यांनी बोलून पाठवलं. "अख्खं अंगण पट्टीत येतं! म्हणजे मी ना तुबासाचा, ना गाचेराचा! आता मला आवाज कमी करा म्हणून कोण सांगतो तेच बघतो!" मागे धडाम झालेलं ऐकू आलं.

मी म्हटलं, घाबरायचं कारण नाही. कारागीर आहोत आपण! अशी फट बुजवायला आमच्याकडे साधा उपाय असतो. एका आकाराला त्याच रंगाची बारीक किनार लावायची. किनार थोडी पलीकडे सरकते आणि फट झाकते. हिरव्याला किनार लावली, रेघ गायब, फाइल ग्रुपवर.

एतेल्विनाबाईंनी या वेळी फोन केला नाही. समोर येऊन उभ्या राहिल्या. रुआना शालीची घडी खांद्यावर, हातात कंपास.

"तुबासा कालच्यापेक्षा दोन मीटर जाड झालंय."

"बाई, किनार आहे ती..."

"माझ्या बहिणीचं पेअरचं झाड तुबासात गेलं! अजून जावई झाला नाहीस आणि सासरची जमीन लाटायला लागलास?"

मी लगेच हिरव्याची किनार काढून पिवळ्याला लावली. बाईंच्या कपाळावरची आठी गेली. तेवढ्यात आमच्या महापौरांचा फोन आला. "एव्हेलिओ, बायको गाचेराची करतोयस ते ठीक, पण आता गावही देऊन टाकतोस का रे?"

मग मी दोघांनाही किनार लावली. समान न्याय! पण कॉम्प्युटरमध्ये दोन गोष्टी एकाच जागी आल्या की एक वर असते आणि एक खाली. तुबासावाल्यांनी विचारलं, "वर कोण?" गाचेरावाल्यांनी विचारलं, "खाली कोण?" त्यापुढे ग्रुपवर जे लिहिलं गेलं ते फादरनी पुसायला लावलं.

मग मी दोन्ही किनारी काढल्या आणि सगळ्याच्या खाली एक मातकट रंगाचा चौकोन सरकवला, म्हणजे फटीतून पांढऱ्याऐवजी मातकट दिसेल आणि डोळ्यांत भरणार नाही. संध्याकाळपर्यंत दोन्ही गावांत बातमी, की हद्दीवरून गटार जाणार! मग कडा मऊ करण्याची सोयच बंद केली. फट गेली, पण कडा करवतीसारख्या दातेरी झाल्या. त्यावर कोणीतरी एकेक दात मोजून काढला. गाचेराचे दात एकानं कमी निघाले.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! पाच दिवस मी कॉम्प्युटरसमोरून हललो नाही. नुबिया रोज येऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहायची.

"काय झालं?"

"फट."

"अजून?"

"ती नाहीच आहे गं! पडद्यावर दिसते फक्त!"

"मग पडदा बंद कर आणि छाप की!"

चौदा वर्षांत मला इतका शहाणा सल्ला कोणी दिला नव्हता. शनिवारी सकाळी मी सगळ्या किनारी, चौकोन, दात काढून टाकले आणि पहिली, निर्मळ फाइल छापून आणली. दुकानाच्या फरशीवर फ्लेक्स पसरला. हिरव्याला पिवळं असं चिकटलेलं की मधे नख शिरणार नाही! मी त्या हद्दीचा मुका घेतला, खोटं कशाला सांगू.

रविवारी सकाळी दहाला दोन्ही गावं काकांच्या अंगणाशी हजर. आमच्या बाजूला भोयांच्या खांद्यावर मारियामाता आणि मागे आमचा बँड, त्यांच्या बाजूला त्यांचा बँड आणि सायलीसारखी पांढरी फुलं घेतलेल्या बायका. मी लग्नाच्या कोटात. नुबिया झग्यात, आणि झगा पोटाशी असा ताणलेला की तिनं सकाळपासून पाणीसुद्धा प्यायलेलं नव्हतं. गाचेरात मेंढ्या भाजायला लागलेल्या. फादरनी दोरी ओढली आणि फ्लेक्स उलगडला.

टाळ्या वाजतील म्हणून मी मान थोडी झुकवून ठेवली होती.

"रेघ कुठाय?" आमच्या बाजूनं कोणीतरी ओरडलं.

"पट्टी कुठाय?" त्यांच्या बाजूनं.

"गेली!" मी आनंदानं म्हणालो. "नव्हतीच! छापल्यावर ती येतच नाही!"

"आठवडाभर होती आणि आज नाही?" आमचे महापौर पुढे आले. "चार मीटर गुणिले हद्दीची लांबी! कोणाला दिलीस ती जमीन?"

"हेच आम्ही विचारतोय!" गाचेराचे महापौर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं होतं, आणि ते माझ्याविरुद्ध.

"अहो, जमीन होती कुठे? तो कॉम्प्युटरचा..."

"मी सांगतो कुठे होती!" कुस्तोदिओकाका ओरडले. काकांनी कमाल केली होती. रस्त्यावर आडव्या दोन चुन्याच्या रेघा मारून ठेवल्या होत्या, मधे चार मीटर. वीस मीटर मारायचा त्यांचा विचार होता, पण चुना संपला.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. आमचे भोई आले आणि अलीकडच्या चुन्याशी थांबले. त्यांचे भोई आले आणि पलीकडच्या चुन्याशी थांबले. मधे चार मीटर मोकळा रस्ता. पट्टी आपली नाही म्हटल्यावर पाऊल कोण टाकणार? त्यांनी हात लांबवले, यांनी हात लांबवले. चार मीटर लांबीचे हात देवानं कोणालाच दिलेले नाहीत!

अकरा वाजले. साडेअकरा. भोई खांदे बदलायला लागले. मेंढीचा वास पांगून गेला. फादर एकदा इकडे, एकदा तिकडे हात जोडत होते. आमच्यातला एक म्हातारा म्हणाला, "चला परत. फेब्रुवारीत बघू." आणि पुढच्या भोयानं खरंच टाच वळवली.

 मी नुबियाकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं खाली वाकून बूट काढले, ते आईच्या हातात दिले, झगा दोन्ही हातांनी उचलला आणि तरातरा चालत चुन्याच्या रेघेवरून आत गेली. पट्टीच्या मधोमध उभी राहिली.

"नुबिया! बाहेर ये!" एतेल्विनाबाई किंचाळल्या.

"नाही येत! मी आता ना तुमच्या गावाची, ना यांच्या. ज्याला माझ्याशी लग्न करायचं असेल त्यानं इथे यावं. नाहीतर मी इथूनच बोगोताची गाडी धरते!"

मी उडी मारली. खरोखर उडी मारली! एका पायानं चुना फिसकटला.

"कुस्तोदिओकाका," नुबिया म्हणाली, "ही पट्टी तुमचीच म्हणता ना? मग पाहुण्यांना बसायला टेबल तरी आणा!"

काकांचा चेहरा एखाद्या राजासारखा झाला. त्यांनी आणि तेहो खेळणाऱ्या चौघांनी आतून मोठं लाकडी टेबल उचलून आणलं. ते पाचही जण रात्रंदिवस तिथेच पडीक, त्यामुळे पट्टीचे रहिवासी म्हणून कोणी हरकत घेतली नाही. आमच्या भोयांनी आपल्या चुन्याआत उभं राहूनच पालखीचे दांडे पुढे दिले, काकांच्या माणसांनी धरले, आणि मारियामाता टेबलावर विराजमान झाली. एकाचंही पाऊल दुसऱ्याच्या हद्दीत पडलं नाही.

फादर आब्दोन आत आले. फादरना कुठलीच हद्द लागू नसते.

"एतेल्विनाबाई," ते म्हणाले, "नवस काय होता? मातेसमोर. ही माता. गाचेरात, हा तुमचा हट्ट होता. नवस फेडायचाय की हट्ट?"

बाई हातात मुलीचे बूट घेऊन उभ्या. डोळे भरून आलेले, पण ओठ भूमितीच्या पेपराला बसल्यासारखे घट्ट. त्यांनी टेबलाचं दोन्ही रेघांपासूनचं अंतर नजरेनं मोजलं.

"टेबल तुबासाकडे एक वीत जास्त सरकलंय," त्या म्हणाल्या. "मधोमध घ्या. मग लावा लग्न."

"फादर, चर्चबाहेर लग्न चालतं का?" मी हळूच विचारलं.

"बिशपना मी विचारीन," फादर पुटपुटले, "सोयीनं. तू गप्प उभा राहा, हो म्हणायची वेळ येईल तेव्हा तेवढं म्हण."

मी हो म्हणालो. नुबिया हो म्हणाली, आणि त्या मोठ्या श्वासाबरोबर झग्याची शिवण पाठीवरून टर्रकन गेली. मी माझा कोट काढून तिच्या पाठीवर टाकला. काकांनी चिखलात एकदम बारा पुड्या लावल्या होत्या. धडाम! धडाम! दोन्ही गावांच्या बँडनी एकाच वेळी दोन वेगळी गाणी वाजवायला घेतली. मग काकांच्या माणसांनी माता उचलून पलीकडच्या भोयांच्या हातात दिली, आणि रस्ता डांबरी झाल्यापासून पहिल्यांदा ही देवाणघेवाण एकही टोपी न उडता पार पडली. आमचे महापौर गाचेराच्या महापौरांना म्हणाले, "मधे थोडी जागा असली की बरं असतं, नाही?" आता दोन्ही गावांनी ठरावच केलाय, की पट्टी कायम ठेवायची.

इथे गोष्ट संपली असती तर मी पाटीवर आणखी एक ओळ रंगवून घेतली असती. पण लग्नाची सरकारी नोंद करायची असते ना! पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं तालुक्याच्या कचेरीत गेलो, सोबत फादरचा दाखला. फादर सत्यवचनी माणूस. त्यांनी लिहिलं होतं: 'विवाहस्थळ – तुबासा आणि गाचेरा यांच्या मधली पट्टी.'

कारकुनानं चष्मा वर केला. "गाव कोणतं?"

"तुबासा लिहा," मी म्हणालो.

"गाचेरा लिहा," नुबिया म्हणाली.

"दाखल्यात तर मधली पट्टी म्हटलंय."

"साहेब, अशी पट्टी नाहीच!" मी फ्लेक्सचा फोटो पुढे केला. "बघा, हिरव्याला पिवळं चिकटलंय. नकाशा मी स्वतः काढलाय!"

"तोच ना, फादरनी मेलवर पाठवलेला?" त्यानं आपल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली, वाकून पाहिलं, आणि पडदा माझ्याकडे फिरवला. "ही काय, आहे की पट्टी! पांढरी."

"ती... ती फक्त दिसते. मोठं करून बघा, कमी होईल."

त्यानं मोठं केलं. आणखी मोठं केलं. "नाहीशी होईल का?"

मी कारागीर माणूस, धंद्याबद्दल खोटं बोलवत नाही. "नाही होणार."

"मग गावाचा रकाना रिकामा, आणि रकाना रिकामा म्हणजे नोंद नाही. पुढचा कोण आहे?"

याला आता अकरा महिने झाले. तीन मेंढ्या, दोन बँड आणि दोन गावांच्या साक्षीनं माझं लग्न लागलंय, पण सरकारदरबारी ते कुठेच लागलेलं नाही. एतेल्विनाबाई दर रविवारी आमच्याकडे जेवायला येतात, माझ्या हातचे बटाटे आवडीनं खातात, आणि कोणी पाहुणा बरोबर असला की माझी ओळख करून देतात, "हा एव्हेलिओ. आमच्या नुबियाचा होणारा नवरा."